न्योस की किवू: जास्त धास्ती कोणाची?
कॅमेरूनमधल्या न्योस सरोवराने २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री सुमारे १,७०० माणसांचा जीव घेतला, आणि तोही कोणाला न बुडवता. तळाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड अचानक उसळला. हवेपेक्षा जड असलेला हा वायू दऱ्यांतून खाली उतरला आणि गावंच्या गावं गुदमरली. गुरंढोरंही वाचली नाहीत. २००१ पासून तिथे पाइप टाकून तो वायू हळूहळू बाहेर सोडला जातो.

रवांडा-काँगो सीमेवरचं किवू क्षेत्रफळाने न्योसच्या हजारपटींहून मोठं. त्यात मिथेनही आहे, शेजारी न्यिरागोंगो हा जागृत ज्वालामुखी आणि काठावर लाखोंची वस्ती. मिथेन काढून वीज बनवतात खरी, पण मला धास्ती किवूचीच जास्त वाटते.