दुकानाच्या नावाची कापडी पिशवी: दोन दिवाळ्यांच्या खरेदीचा अभिप्राय

सांगलीत आमचे हळद, तिखट आणि घरगुती मसाल्यांचे दुकान आहे. नेहमीच्या ग्राहकांना दिवाळीची भेट म्हणून दुकानाचे नाव छापलेली कापडी पिशवी द्यायची असे ठरवून आम्ही गेल्या दोन वर्षांत दोनदा पिशव्या करून घेतल्या. पहिल्या वर्षी बाहेरगावच्या एका पुरवठादाराकडून ऑनलाइन ५०० पिशव्या मागवल्या. एक पिशवी छपाईसह ४२ रुपयांना पडली. दुसऱ्या वर्षी इचलकरंजीहून कापड आणून इथल्याच एका महिला बचत गटाकडून ३०० पिशव्या शिवून घेतल्या. ती पिशवी ६८ रुपयांना पडली. दोन्ही वेळा खर्च २१ हजारांच्या आसपासच झाला, पण त्या पैशातून जे हाती आले त्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. तो फरक कशामुळे पडला हे जाहिरातीसाठी पिशव्या करू पाहणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला आधी कळावे, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा करते. बाजारात ‘कापडी पिशवी’ म्हणून आठ-दहा रुपयांत मिळणारी रंगीत, हाताला किंचित खरखरीत लागणारी पिशवी बहुतेक वेळा कापडाची नसतेच. ती नॉन-वोव्हन असते, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवून तयार केलेली. तिच्यात ताणाही नाही आणि बाणाही नाही, म्हणजे उभे-आडवे विणलेले धागेच नाहीत. केंद्र सरकारच्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत ३० सप्टेंबर २०२१ पासून अशा पिशवीला किमान ६० जीएसएमची, म्हणजे एका चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाची, अट आहे, यावरूनच तिची गणना कशात होते हे लक्षात यावे. कडेचा एखादा दोरा नखाने ओढून पाहिला तरी ओळख पटते, कारण विणलेल्या कापडाचा धागा सरळ निघून येतो आणि नॉन-वोव्हनचा येत नाही. आम्ही दोन्ही वेळा सुती कापडच घेतले.

पहिली खेप आली तेव्हा गठ्ठा उघडताच आम्ही खूश झालो होतो. पिशव्या कडक, घडी न मोडणाऱ्या, मांजरपाटाच्या फिकट पिवळसर रंगाच्या होत्या आणि नमुन्याच्या छायाचित्रात दिसत होत्या तशाच दिसत होत्या. पुरवठादाराने कापड १४० जीएसएमचे, म्हणजे एका चौरस मीटरला १४० ग्रॅम वजनाचे, सांगितले होते. ते तपासण्यासाठी मी एका पिशवीतून १० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन कापला आणि शेजारच्या सराफांच्या काट्यावर ठेवला. वजन १.३८ ग्रॅम भरले. त्याला १०० ने गुणले की जीएसएम मिळतो, त्यामुळे सांगितलेला आकडा खरा होता. पण त्याच तुकड्याला कोमट पाण्यात साबणाने धुऊन, वाळवून पुन्हा काट्यावर ठेवले तेव्हा तो १.१७ ग्रॅमवर आला. मधले वजन खळीचे होते. मागावर ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावतात आणि कोरे कापड बाजारात त्या खळीसह येते. आपण ज्या कडकपणाला जाडी समजतो ती पहिल्या धुण्यात पाण्यासोबत निघून जाते. धुतलेली पिशवी उंचीला अडीच सेंटिमीटरने आटली आणि हातात धरली तर पलीकडची बोटे दिसू लागली.

छपाईचे दुखणेही या खळीतूनच निघाले. स्क्रीन प्रिंटिंगची पाण्यात मिसळणारी शाई धाग्यात मुरली पाहिजे आणि मग तिला साधारण १५० अंश सेल्सिअसची उष्णता काही मिनिटे मिळून ती पक्की झाली पाहिजे. छपाईवाले याला क्युअरिंग म्हणतात. कोऱ्या कापडावरची खळ आणि कापसाचा नैसर्गिक मेणचटपणा शाईला आत शिरू देत नाही. शाई वरच्या थरावर बसते आणि खळ निघताना तिच्याबरोबर निघते. आमच्या पिशवीवरचा हळदीचा पिवळा रंग पहिल्या धुण्यात अर्धा झाला, आणि ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून पाहिले तेव्हा न धुतलेल्या पिशवीचाही रंग रुमालाला लागला. ही रुमालाची परीक्षा फुकट होते आणि तिला एक मिनिटही लागत नाही. मी ती नमुना आला त्याच दिवशी करायला हवी होती.

मराठीत नाव छापणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. आम्ही पाठवलेला मजकूर होता ‘निर्भेळ मसाले, सांगली’. पुरवठादाराकडून आलेल्या पहिल्या प्रुफात ‘नि’ची वेलांटी सुटून ‘न’च्या मागे जाऊन बसली होती, कारण त्यांच्या संगणकावर आमचा फॉन्ट नव्हता. ते आम्ही दुरुस्त करून घेतले. प्रत्यक्ष छपाईत मात्र जाड विणीच्या कापडावर बारीक रेघा टिकल्या नाहीत: ‘र्भे’वरचा रफार दोन धाग्यांच्या मधल्या खाचेत गेला, ‘सां’वरचा अनुस्वार उमटलाच नाही, आणि शंभरावर पिशव्यांवर आमचे दुकान ‘निभेळ मसाले, सागली’ झाले. दुसऱ्या वेळी अक्षरे आउटलाइन करूनच, म्हणजे फॉन्ट नसला तरी बिघडू नयेत म्हणून त्यांचे चित्र करूनच, फाइल पाठवली, कुठलीही रेघ दीड मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवली नाही आणि अनुस्वाराचा ठिपका मुद्दाम मोठा काढून घेतला. त्या ३०० पिशव्यांत एकही अक्षर गळाले नाही.

तरीही कापड आणि छपाई यांपेक्षा पिशवीचे आयुष्य ठरते ते बंद जिथे जोडला जातो त्या दोन बोटांच्या जागेवर. पहिल्या खेपेत पिशवीचे तोंड एकदाच दुमडलेले होते आणि बंदाचे टोक त्यावर ठेवून एक आडवी टीप मारलेली होती. सगळे ओझे त्या एका टिपेवर येत होते, आणि ती टीप जिथे संपत होती तिथेच कापड फाटत होते. आम्ही पाच पिशव्यांत आठ-आठ किलो हळकुंडे भरून त्या गोदामातल्या खुंटीला टांगल्या. सकाळी पाहिले तर दोन पिशव्यांचे बंद एका बाजूने उसवलेले होते. ही तपासणी आम्ही केली तोवर निम्म्या पिशव्या वाटून झाल्या होत्या. संक्रांतीच्या सुमारास आमच्या एक जुन्या ग्राहक रिकामी पिशवी घडी करून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, पिशवी छान होती हो, पण ज्वारी घेऊन गिरणीपर्यंत पोचली नाही.” त्यांचे दळण रस्त्यावर सांडले होते आणि पिशवीवर आमचे नाव होते. जाहिरातीच्या वस्तूने दुकानाचे नुकसान कसे होते, हे मला त्या एका वाक्यात कळले.

दुसऱ्या वर्षी म्हणून खरेदीचा क्रमच उलटा केला. आधी इचलकरंजीला जाऊन जाड सुती कापडाचा तागा घेतला, त्याची खळ काढून घेतली, आटायचे तेवढे आटू दिले आणि मगच कापणी केली. धुतल्यानंतरचा तुकडा काट्यावर १.७२ ग्रॅम भरला. शिवण कशी असावी हे बचत गटातल्या ताईंनीच सुचवले. मी पहिल्या वर्षीची उसवलेली पिशवी त्यांच्यासमोर ठेवली तेव्हा त्यांनी ती उलटी करून पाहिली आणि सांगितले, “ताई, बंद वरून ठोकून उपयोग नाही, तो दुमडीच्या आत गेला पाहिजे.” त्यांनी तोंड दोनदा दुमडले, बंदाचे टोक पाच सेंटिमीटर आत घेतले, त्यावर चौकोनी टीप टाकली आणि चौकोनात फुली मारली. अशा जोडात ओझे चारही बाजूंनी वाटले जाते. तळाला दहा सेंटिमीटर रुंदीची बैठक दिल्यामुळे पिशवी भरल्यावर जमिनीवर उभी राहते, आणि बंद ४५ ऐवजी ६६ सेंटिमीटरचा केल्यामुळे ती खांद्याला अडकते. स्कूटरवरून किंवा एसटीने येणाऱ्या बाईला याचे मोल फार आहे. खुंटीच्या परीक्षेत दहा किलोला एकही टीप हलली नाही.

या दुसऱ्या खेपेतही उणिवा आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. काम पूर्ण व्हायला पाच आठवडे लागले आणि शेवटच्या ६० पिशव्या वसुबारसेच्या आदल्या दिवशी हातात पडल्या. वेगवेगळ्या घरांतल्या वेगवेगळ्या शिलाई मशिनांवर काम झाल्यामुळे बंदांची लांबी सारखी नव्हती. वीसेक पिशव्यांत एक बंद दुसऱ्यापेक्षा बोटभर मोठा होता. त्या पिशव्या गटाने विनातक्रार परत घेऊन नीट करून दिल्या. एकाच वेळी दोन-चार हजार पिशव्या लागणाऱ्या कंपनीला ही व्यवस्था झेपणार नाही, तिला कारखान्याकडेच जावे लागेल. पण तिथेही धुतल्यानंतरचा जीएसएम आणि बंदाचा जोड या दोन अटी मागणीपत्रात लेखी घालता येतात.

आता नावाच्या आकाराबद्दल. पहिल्या पिशवीवर आम्ही समोरची संपूर्ण बाजू वापरली होती: मोठे नाव, पत्ता, दोन फोन नंबर आणि मालाची यादी. ती पिशवी लोकांनी घरात ठेवली, कचऱ्याच्या डब्यामागे ठेवली, पण हातात घेऊन बाहेर पडले नाहीत. दुसऱ्या वेळी एका बाजूला हळदीच्या रोपाचे एका रंगातले चित्र काढून घेतले आणि दुकानाचे नाव खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढे ठेवले. एकच रंग असल्याने एकच स्क्रीन लागली आणि वाचलेले पैसे कापडात गेले. आता ही पिशवी गणपती पेठेत भाजी घेणाऱ्यांच्या खांद्यावर दिसते, मुलींच्या वह्या-पुस्तकांसाठी कॉलेजात जाते, हळदीकुंकवालाही जाते. दुकानात परत येणाऱ्या पिशव्यांची आम्ही वहीत रेघ मारून नोंद ठेवतो. पहिल्या वर्षी तीन महिन्यांत त्या वहीचे एक पान भरले नव्हते, या वर्षी पहिल्याच महिन्यात भरले.

काही दुकानदार मित्र विचारतात की एवढी चांगली पिशवी फुकट का देता, वीस रुपये तरी लावा. मला ते पटत नाही. २०१९ मध्ये चंडीगडच्या ग्राहक मंचाने पादत्राणांच्या एका मोठ्या कंपनीला दंड केला तो अशाच कारणासाठी: स्वतःचे नाव छापलेल्या पिशवीचे तीन रुपये ग्राहकाच्या बिलात लावले होते. आपली जाहिरात ग्राहकाच्या खर्चाने करणे योग्य नव्हे. पैसे वाचवायचे असतील तर पिशव्यांची संख्या कमी करावी, जसे आम्ही ५०० वरून ३०० वर आलो.

संख्या कमी ठेवण्याला दुसरेही कारण आहे. कापूस पिकवायला, सूत कातायला आणि कापड विणायला पाणी, खत आणि वीज लागते. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात साध्या सुती पिशवीचा केवळ हवामानावरचा भार प्लास्टिकच्या पिशवीच्या तुलनेत भरून निघायला ती किमान ५२ वेळा वापरावी लागते असे निघाले, आणि ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने त्याआधी काढलेला आकडा १३१ होता. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर प्रत्येक समारंभात कापडी पिशवी वाटण्याची पद्धत पडली आहे, पण पहिल्या ओझ्याला उसवणारी पिशवी ५२ वेळा काय, पाच वेळाही वापरली जात नाही. आमच्या पहिल्या खेपेने हेच केले, आणि पैशापेक्षा त्याची मला जास्त खंत आहे.

गुण द्यायचे तर पहिल्या खेपेला ५ पैकी दीड देईन, तोही वेळेवर माल आल्याबद्दल. दुसऱ्या खेपेला ४. या दिवाळीसाठी ३५० पिशव्यांची मागणी आम्ही त्याच गटाकडे श्रावणातच नोंदवली आहे. बंद कापायला सर्वांना एकाच मापाची पट्टी दिली आहे आणि तळाच्या बैठकीला आतून कापडाचा दुसरा पदर सांगितला आहे. पहिला नमुना परवा आला. दोन धुणी झाल्यावर तो आता गोदामातल्या त्याच खुंटीवर दहा किलो हळकुंडे घेऊन टांगलेला आहे.