बटणं आपल्या मर्जीने बसवायची तर कोणता कॅल्क्युलेटर?

प्रोग्रॅम करता येणारा ग्राफिंग कॅल्क्युलेटर निवडताना सगळे स्क्रीन आणि मेमरी बघतात. बटणांची मांडणी बदलता येते का, हे फारसं कोणी विचारत नाही. पण एकच सूत्र दिवसभर वापरणाऱ्याला मेनूत चार पायऱ्या उतरायचा कंटाळा येतोच. अशा माणसासमोर तीन पर्याय आहेत: एचपीचे (ह्युलेट-पॅकार्ड) ५०जी आणि प्राइम, आणि टीआयचा (टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स) टीआय-८९ टायटेनियम.

या कामात ५०जीचा हात कोणी धरू शकत नाही. प्रत्येक बटणाला रांग आणि स्तंभ यांवरून क्रमांक असतो. साइन पाचव्या रांगेत तिसरं, म्हणून ५३. दशांश चिन्हानंतरचा आकडा थर सांगतो: १ म्हणजे साधं बटण, २ डावी शिफ्ट, ३ उजवी शिफ्ट, ४ ते ६ अल्फाचे, म्हणजे अक्षरांचे थर. स्टॅकवर (आकडे आणि प्रोग्रॅम एकावर एक रचायची जागा) आधी आपला प्रोग्रॅम, मग ५३.१ ठेवून 'एएसएन' ही बटण नेमून देणारी कमांड दिली की झालं. म्हणजे एका बटणावर सहा कामं, आणि मूळची मांडणी शाबूत. डावी शिफ्ट आणि अल्फा एकदा दाबलं तर युजर मोड, म्हणजे आपण नेमलेली बटणं चालू होणारी अवस्था, एका बटणापुरता लागतो, दोनदा दाबलं तर कायम. नेमून न दिलेली सगळी बटणं निकामी करायचीही सोय आहे. ती वापरताना युजर मोडमधून बाहेर पडायची बटणंच मेली, तर ऑन आणि एफ३ एकत्र दाबून वॉर्म स्टार्ट द्यावा लागतो, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू करावं लागतं. तेवढं आधी पाठ असू द्या.

अडचण दोन गोष्टींची. ५०जीचं उत्पादन २०१५ मध्ये थांबलं, तेव्हा वापरलेलाच शोधावा लागेल. आणि आरपीएलची, म्हणजे ५०जीच्या आधी आकडे मग क्रिया अशा क्रमाच्या प्रोग्रॅमिंग भाषेची, सवय नसेल तर पहिले काही दिवस डोकं भणभणेल.

२०१३ मध्ये आलेल्या प्राइममध्ये एकेक बटण नेमून द्यायची कमांड नाही, तिथे प्रोग्रॅमच लिहायचा. प्रोग्रॅम एडिटरच्या मेनूतून 'क्रिएट युजर की' निवडून हवं ते बटण दाबलं की सांगाडा तयार मिळतो. आत 'रिटर्न'पुढे अवतरणात जे लिहाल, ते त्या बटणाने उमटतं. शिफ्ट आणि हेल्प दाबून युजर मोड लागतो. सारी मांडणी मजकुरातच असल्यामुळे ती संगणकावर जपून ठेवता येते आणि दुसऱ्या प्राइमवर जशीच्या तशी चढवता येते. माझ्या मते ५०जीपेक्षा हे जास्त टिकाऊ. फक्त परीक्षा मोडमध्ये प्रोग्रॅम बंद करता येतात, त्यामुळे पेपरला ही मांडणी हाताशी असेल असं धरून चालू नका.

टीआय-८९ मध्ये कीबोर्ड बदलत नाही, शॉर्टकट मिळतात. प्रोग्रॅमला 'केबीडीपीआरजीएम१' नाव दिलं की डायमंड आणि १ दाबून तो चालतो. अशी नऊ नावं, नऊ आकडे. सेकंड आणि होम दाबल्यावर येणारा कस्टम मेनूही आपल्या मनाप्रमाणे भरता येतो आणि रोजच्या वापरात तोच जास्त कामी येतो. नऊ शॉर्टकट पुरत असतील तर एवढी सोय बास.

टीआय-८४ प्लस सीई बऱ्याच जणांच्या यादीत असतो, पण त्यात बटणं बदलायची सोयच नाही. बाहेरच्या असेंब्ली (थेट प्रोसेसरच्या भाषेतल्या) प्रोग्रॅमने थोडंफार जमवता येत असे, पण २०२० पासून नव्या ओएसमध्ये कंपनीने ती वाटही बंद केली.

तिन्हींमध्ये एक उणीव सारखीच: बटणावरची छापील अक्षरं बदलत नाहीत. १९७९ च्या एचपी-४१सीसोबत त्यासाठी वर बसवायचे कोरे आवरण-पत्रे मिळत. आता स्टिकर लावा, नाहीतर लक्षात ठेवा. मी असतो तर नवं यंत्र घेताना प्राइम घेतला असता आणि सुरुवातीला चार-पाचच बटणं बदलली असती. आरपीएल हाताखालून गेलेलं असेल, तर मात्र चांगल्या स्थितीतला ५०जी दिसताच उचलावा.