फेल बॅचेस बघायला मागणाऱ्या पेटंट एजंट मॅडम

5 पैकी 5 स्टार. जरा मोठं लिहितोय, कारण आमच्यासारखे छोटे बल्क ड्रगवाले (औषधाचा कच्चा माल बनवणारे) पेटंटच्या नावाने आधीच घाबरलेले असतात आणि चुकीच्या माणसाकडे जातात, आम्हीही गेलो होतो.

आमचं कुरकुंभ एमआयडीसीत छोटं युनिट आहे, मी आणि माझा मेहुणा चालवतो. रक्तदाबाच्या एका जुन्या औषधाचा इंटरमीडिएट (औषध तयार होण्याआधीच्या टप्प्यातला पदार्थ) बनवतो. त्यात आम्ही दोन स्टेप एकाच रिअ‍ॅक्टरमध्ये घेतल्या, मधलं फिल्ट्रेशन आणि ड्रायिंग गेलं, डीसीएम हे सॉल्व्हंट जाऊन टोल्युइन आलं आणि त्रास देणारी इम्प्युरिटी 0.1 टक्क्याच्या खाली आली. आधी ज्यांच्याकडे गेलो (नाव नको) त्यांनी एक तासात सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले प्रोसेसचं (बनवायच्या पद्धतीचं) पेटंट कशाला, तुमचा क्रिस्टल वेगळा येतोय ना, त्याचंच प्रॉडक्ट पेटंट टाकू. ॲडव्हान्सही घेतला. पुढे 4 महिने नुसतं उद्या-परवा.

मग ओळखीतून 2023 च्या एप्रिलमध्ये या पुण्याच्या ऑफिसला आलो. मॅडम स्वतः ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या एमएससी, हे महत्त्वाचं आहे, कारण आमची रिअ‍ॅक्शन त्यांना समजावून सांगावी लागली नाही, त्यांनीच कागदावर काढून दाखवली. क्रिस्टलचं ऐकल्यावर सरळ म्हणाल्या, पैसे घालवू नका. पेटंट कायद्याच्या कलम 3(डी) प्रमाणे माहिती असलेल्या पदार्थाचा नुसता नवा फॉर्म, मग तो क्षार असो, क्रिस्टल असो नाहीतर कणांचा आकार, परिणाम वाढल्याचं दाखवल्याशिवाय चालत नाही. नोव्हार्टिसच्या ग्लिवेक या कॅन्सरच्या औषधाचं बीटा क्रिस्टल याच मुद्द्यावर 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टात पडलं, शरीरात 30 टक्के जास्त शोषलं जातं हे सांगूनही, कारण कोर्टाने विचारलं की आजार बरा करण्यात फरक काय पडतो ते दाखवा. आणि आम्ही गेलो त्याच्या आदल्याच महिन्यात, मार्च 2023 मध्ये, टीबीच्या बेडाक्विलिनच्या फ्युमरेट क्षाराचा अर्ज नाकारला गेला होता, त्याला विरोध करणाऱ्या दोघींपैकी एक मुंबईची नंदिता वेंकटेशन, स्वतः टीबीतून वाचलेली. मॅडम म्हणाल्या हे कलम आहे ते पेशंटसाठी बरं आहे आणि तुमच्यासाठीही, उद्या दुसरा कोणी असाच क्रिस्टल घेऊन तुमचा रस्ता अडवू शकत नाही. मला हे एकदम पटलं. माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते, त्यांच्या काळात 1970 च्या कायद्यामुळे औषधाला पेटंटच नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीला होतं आणि तेही जास्तीत जास्त 7 वर्षं. म्हणून तर इथल्या केमिस्टनी वेगवेगळे रूट शोधले. प्रॉडक्ट पेटंट आलं 2005 पासून.

दुसऱ्या मीटिंगला त्यांनी जे मागितलं ते अजून कोणी मागितलं नव्हतं: फेल गेलेल्या बॅचेस. लॅब नोटबुकची सगळी पानं, तारखेसकट. मला लाज वाटत होती दाखवायला. पण 40 डिग्रीला रिअ‍ॅक्शन अर्धवट राहिली आणि 75 च्या वर इम्प्युरिटी चढली, हे आमच्याकडे एचपीएलसीच्या (शुद्धता तपासणीच्या) रिपोर्टसकट होतं, त्यावरून त्यांनी 50 ते 70 ची रेंज क्लेम केली (म्हणजे पेटंटमध्ये आपला हक्क म्हणून मागितली) आणि ते फेल प्रयोग तुलनेसाठी ड्राफ्टमध्ये टाकले. आम्ही फक्त 60 लिहिणार होतो, म्हणजे शेजारच्याने 63 ला चालवली असती की सुटला!

एक गोष्ट मात्र त्यांनी आधीच स्पष्ट केली की अर्ज टाकला की सगळ्यात चांगली पद्धत उघड करावीच लागते, थोडं सांगून थोडं लपवता येत नाही, आणि दुसऱ्याच्या रिअ‍ॅक्टरमध्ये काय शिजतंय हे आपल्याला दिसत नाही. त्यामुळे गुपित ठेवायचं की पेटंट घ्यायचं याचा विचार करायला 8 दिवस दिले, घाई केली नाही. आमच्या पद्धतीने बनवलेल्या मालात एक विशिष्ट इम्प्युरिटी अगदी थोडी राहते, ती समोरच्याच्या मालात दिसली तर निदान शंका घ्यायला जागा आहे, म्हणून अर्ज करायचं ठरलं. मेहुणा एका कॉन्फरन्सला याचंच पोस्टर लावणार होता, तेही त्यांनी थांबवलं, आधी प्रोव्हिजनल (प्राथमिक अर्ज) टाका मग काय ते लावा.

खर्चाचं सांगतो. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) होतं म्हणून फॉर्म 28 लावून सरकारी फी फक्त 1600 लागली, मोठ्या कंपनीला तीच 8000 आहे. 10 क्लेम आणि 30 पानांत बसवलं म्हणून जादा काही नाही. तपासणी लवकर व्हावी म्हणून 8000 भरले. मॅडमची ड्राफ्टिंगची फी 65 हजार, स्वस्त नाही, पण आधीच लेखी दिली आणि नंतर एक रुपया वाढवला नाही. प्रोव्हिजनलनंतर 12 महिन्यांच्या आत पूर्ण स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर वर्णन) द्यायचं असतं, त्याची आठवण त्यांनी आठव्या महिन्यापासून सुरू केली.

एफईआरमध्ये (पेटंट ऑफिसच्या पहिल्या तपासणी अहवालात) तीन जुने संदर्भ आले, त्यातला एक चायनीज. त्याचं भाषांतर करून घेऊन त्यात 80 डिग्री आणि वेगळा बेस आहे हे त्यांनी ओळीवर बोट ठेवून दाखवलं. उत्तर द्यायला 6 महिने असतात, आमचं दीड महिन्यात गेलं. हिअरिंग व्हिडिओवर झालं, मलाही बसवलं होतं, आणि फेल बॅचेसचा तक्ता तिथेच कामाला आला, जवळजवळ सगळी चर्चा त्याच तक्त्यावर झाली. 2025 मध्ये ग्रँट झालं.

तक्रार एकच, फोन उचलत नाहीत, मेल करा आणि दोन दिवस थांबा. आणि जाताना लॅब नोटबुक ओरिजिनल न्या, झेरॉक्सवर पेन्सिलचं लिहिलेलं दिसत नाही, आम्हाला त्यासाठी कुरकुंभहून परत एक फेरी पडली.