खाडीकाठ की खडकाळ बेट? कोकणात जुनं शोधायचं तर कुठे बघावं

नालासोपाऱ्याच्या स्तूपाजवळ उभं राहिलं की समुद्र कुठेच दिसत नाही, आजूबाजूला सगळी वस्ती, आणि हेच एकेकाळचं मोठं बंदर शूर्पारक! कारण खाडी. आत शिरलेलं शांत पाणी, पावसाळी वाऱ्यापासून आडोसा, वर घाटाकडे जायला वाट, म्हणून व्यापारी तिथेच थांबायचे, अलिबागजवळच्या चौल बंदराचंही तेच. पण नद्यांनी आणलेला गाळ साचत गेला, खाडी उथळ झाली, बंदर मेलं आणि आता जे काय असेल ते चिखलाखाली नाहीतर बिल्डिंगखाली. पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये स्तूप खणला तेव्हा करंडक, म्हणजे पवित्र अवशेष ठेवायची डबी मिळाली, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच सापडला.

आता मालवण घ्या. कुरटे बेट, सगळा कातळ, होडीवाला खडक चुकवत चुकवत नेतो आणि तेच शत्रूच्या जहाजांना नडायचं. १६६४ ला याच बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम सुरू झालं. आत गोड्या पाण्याच्या विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव! इथे सगळं उघड्यावर, लाटा तटाला झोडतात तरी दिसतं तरी.

फोटोसाठी मालवणच, पण दोन हजार वर्षं मागे जायचंय तर मी खाडीच धरेन बाबा.