फोर-सिक्स्टीन रिग्बी: अकरा महिने, एकशे बत्तीस गोळ्या आणि एक तळपट्टी

बांधून घेतलेली फोर-सिक्स्टीन रिग्बी, म्हणजे मोठ्या जनावरांसाठीची .४१६ बोअरची रायफल, मंगळवारी पुन्हा ती बांधणाऱ्या मिस्त्रीकडे रवाना केली. विम्यासकट पाठवणावळ माझ्याच खिशातून. डोकं तापलेलं आहे तोवर लिहून काढतो, नंतर मी मवाळ होतो हा माझा जुना दोष.

आकडे इथे येणाऱ्या बहुतेकांना पाठ आहेत, त्यामुळे थोडक्यात. जुन्या झेक रायफलची मॅग्नम ॲक्शन (बोल्टची लोखंडी यंत्रणा), माउझरसारखा लांब पंजाचा एक्स्ट्रॅक्टर (झाडलेलं काडतूस ओढून काढणारा), २४ इंची नवी नळी, अक्रोडाचा दस्ता, दोन क्रॉसबोल्ट, तीन टप्प्यांची सेफ्टी. स्कोपसकट वजन दहा पौंडाला टेकलेलं. मॅगझिनचं खालचं लोखंड, म्हणजे पेटी, ट्रिगर गार्ड आणि बिजागरीची तळपट्टी, मिस्त्रीने दुसऱ्या एका वर्कशॉपकडून करून घेतलं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

मी मूळचा वर्ध्याकडचा, पोटापाण्याला ह्यूस्टनजवळच्या एका टूलरूममध्ये. लेथ, डायल गेज आणि मायक्रोमीटर यांच्यात आयुष्य गेलं. हत्यार हातात घ्यायला ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो. इथे रानडुकरं आणि रोही (नीलगाय) मारायला कोणी फोर-सिक्स्टीन बांधत नाही हे मलाही ठाऊक आहे. त्याला .३०० विंचेस्टर मॅग्नम पुष्कळ झाली. पण आफ्रिकेत म्हशीच्या शिकारीला एकदा जायचं हे मनात वीस वर्षं आहे, आणि तिथे बऱ्याच देशांत मोठ्या जनावराला किमान .३७५ बोअर लागते. मग थ्री-सेव्हंटी-फाइव्हच का नाही घेतली? ती दुकानात तयार मिळते म्हणून. तयार मिळणारी वस्तू घ्यायला मन होईना, एवढंच खरं उत्तर आहे.

बायकोने एकदाच विचारलं, "एकूण किती?" मी ८,१४० डॉलर सांगितले. ती म्हणाली, "वर्ध्याच्या घराचा स्लॅब झाला असता." त्यानंतर विषय काढलेला नाही. पण घरच्या ग्रुपवर त्या गळक्या छताचा फोटो आला की ती फोन माझ्यापुढे धरते.

मिस्त्री सत्तरीचा, टेक्सासच्या डोंगराळ भागात एका पत्र्याच्या शेडमध्ये एकटा काम करतो. आठ महिने सांगितले होते, एकोणीस लागले. फोन केला की तारीख मिळत नाही, इतिहास मिळतो. एकदा म्हणाला, "बोअरचा, म्हणजे नळीच्या मापांचा, सगळा घोळ तुमच्याच देशाने घातला. बंडखोरांच्या हातात लष्करी रायफलींसाठी दारूगोळा पडेल या भीतीने इंग्रजांनी १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० ची काडतुसं बंद केली, म्हणून तर .४७० आणि .४६५ जन्मल्या." मी म्हटलं, खरं आहे, पण माझा दस्ता कुठवर आलाय? "सुकतोय." दस्ता सात महिने सुकत होता.

आता न्यायाने बोलायचं तर हातात आली तेव्हा मी गप्प झालो. मी गेज घेऊनच गेलो होतो, चुका काढायच्या तयारीने. लाकूड आणि लोखंड यांच्या सांध्यात कागदाचा कपटा जात नव्हता. अपवाद एकच: टँगच्या मागे, जिथे ॲक्शनचं शेपूट दस्त्यात बसतं, तिथे नखाएवढी फट. मी बोट ठेवलं. म्हातारा हसला. ती फट मुद्दाम ठेवायची असते, नाहीतर धक्का बसला की शेपूट पाचरीसारखं घुसतं आणि मनगटापाशी दस्ता चिरतो. नळीखाली दुसरा रिकॉइल लग (धक्का झेलणारा लोखंडी ठोकळा), तोही इपॉक्सीत बसवलेला. एकशे बत्तीस गोळ्यांनंतर लाकडावर केसाएवढीही चीर नाही. हे काम नंबर एक.

नेमसुद्धा अपेक्षेपेक्षा बरा. ४०० ग्रेनची गोळी, म्हणजे जवळजवळ २६ ग्रॅम, सेकंदाला २,४०० फुटांच्या आसपास. शंभर यार्डांवर तीन गोळ्या दीड इंचात. स्कोपशिवाय, नळीवरच्या उघड्या माशीवर पन्नास यार्डांत चहाच्या बशीएवढ्या जागेत, आणि तिथे दोष माझ्या डोळ्यांचा.

काडतुसाबद्दल एक शब्द. १९११ साली रिग्बीने हे काढलं तेव्हा कॉर्डाइट दारू होती, आणि ती उन्हात तापली की दाब चढायचा. म्हणून केस, म्हणजे काडतुसाची पितळी पुंगळी, भली मोठी ठेवून दाब कमी राखला. जुनी गोष्ट वाटते, पण इथे ऑगस्टमध्ये गाडीत काडतुसांचा डबा तासभर राहिला तर हाताला चटका बसतो. तशा उन्हातही बोल्टची मूठ दोन बोटांनी वर येते, केस कधी अडकली नाही.

किमतीबद्दल मात्र बोलायलाच हवं. वीसच्या डब्याला पावणेदोनशे डॉलर. ट्रिगर ओढला की पावणेनऊ डॉलर गेले, म्हणजे सातशेच्या वर रुपये, वर्ध्यात दोघांचं पोटभर जेवण. पहिले दोन डबे उडवले आणि तिसऱ्यापासून केसा वेचून घरीच भरायला लागलो. रेंजवर लोक माझ्याकडे बघतात, कारण गोळी कुठे लागली यापेक्षा केस कुठे पडली हे मी आधी बघतो. धक्का तीस-ओ-सिक्सच्या, म्हणजे इथल्या नेहमीच्या शिकारी रायफलीच्या, साधारण तिप्पट. एका बैठकीत आठ गोळ्या. नवव्या गोळीला माणूस डोळे मिटायला लागतो आणि पैसे वाया जातात.

आता तळपट्टी.

पहिल्यांदा उघडली ती सतराव्या गोळीला, रेंजवर. धडाका झाला, पोटाखाली काहीतरी खट्ट वाजलं, आणि उरलेली काडतुसं बाकावरून घरंगळत खाली गेली. पट्टी बिजागरीवर लोंबत होती, स्प्रिंग जीभ काढल्यासारखी बाहेर. मला वाटलं, मीच नीट लावली नसेल. एकतिसाव्या गोळीला पुन्हा. मग पंचेचाळिसाव्या. मी तारखा लिहून ठेवल्यात.

फोन केला. म्हातारा म्हणाला, "तुझं बोट लागतंय."

आठ हजार डॉलर घेऊन माणूस माझ्या बोटाला दोष देतो! पस्तीस वर्षं मी या बोटांनी शतांश मिलिमीटरची कामं केली. त्या संध्याकाळी पट्टी धरून ठेवणारा हूक मोजला. पकड जेमतेम पाऊण मिलिमीटर. पट्टी उघडायची कळ दाबायला लागणारा जोर स्प्रिंग बॅलन्सवर बघितला, तर पेनाचं बटण त्याहून घट्ट असतं. फोटो, मापं, हाताने काढलेलं ड्रॉइंग, सगळं पाठवलं. त्याने रायफल मागवली, पाच आठवड्यांनी परत आली, सोबत चिठ्ठी: "हूक घासून नीट केला. बोट सांभाळ."

फेब्रुवारीत दक्षिण टेक्सासला रोहीच्या शिकारीला गेलो. इथल्या मित्रांना सांगावं लागतं की नीलगाय म्हणजे आपली रोहीच. किंग रँच या तिथल्या अवाढव्य गुरांच्या रँचने १९२०-३० च्या दशकांत आणून सोडली आणि आता समुद्राकाठच्या वाळूत हजारोंनी आहे. परदेशी जनावर म्हणून तिला इथे बंद हंगाम नाही, संख्येची मर्यादाही नाही. लायसन्स आणि रँचवाल्याची फी एवढंच. नराची फी ऐकून मी मादीवर आलो, ती निम्म्यात. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "काहून बे, रोही माराले पैसे देते तू? आपल्या वावरात ये, फुकटात हाकल." गेल्या हरभऱ्यात त्यांनी रात्र-रात्र डबे बडवलेत. तिथे परवानगीशिवाय तिला दगड मारायचीही चोरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मेस्किटच्या झुडपांआडून, एकशे चाळीस यार्ड. काठीचा आधार. मादी आडवी उभी, कान आमच्याकडे. गोळी खांद्यामागे बसल्याचा थप्प आवाज आला. मी बोल्ट मागे-पुढे केला, पुन्हा नेम धरला, ती दौडत होती, ट्रिगर ओढला. कट्. नुसतं कट्.

खाली बघितलं तर तीन काडतुसं माझ्या बुटांपाशी वाळूत. एक टोकावर उभं रुतलेलं, पितळेवर ऊन चमकत होतं. पट्टी लोंबते आहे. वाटाड्या आधी माझ्याकडे बघत राहिला, मग तोंड फिरवून हसला. नशीब, पहिली गोळी पुरली, साठेक पावलांवर ती पडलेली सापडली. मांस झकास, चरबी नाहीच. सावजी मसाल्यात दोन तास शिजवलं तर ओळखू येत नाही काय आहे ते. पण मी जेवताना एकच विचार करत होतो. त्या जागी जखमी म्हैस असती तर?

उरलेले दोन दिवस पट्टीवर काळी इलेक्ट्रिकल टेप गुंडाळून फिरलो. आठ हजारांच्या रायफलीला दीड डॉलरची टेप.

इथपर्यंत मार्चमध्ये लिहिलं होतं. वर बदल करत नाही, तेव्हा जे वाटलं ते राहू दे. पुढचं जुलैतलं.

मिस्त्रीने रायफल दोन महिने ठेवून घेतली. त्याने चाळीस गोळ्या झाडल्या (माझी काडतुसं नव्हेत, बरं झालं) आणि पट्टी एकदाही उघडली नाही. म्हणाला, "तू इथे येऊन माझ्यासमोर झाड." साडेतीन तास गाडी चालवत गेलो, भांडायच्या तयारीनेच. त्याच्या नातवाने ट्रिगर गार्डपाशी मोबाइल लावला, स्लो-मोशन, सेकंदाला २४० फ्रेम. तिसऱ्या गोळीला खट्ट.

फ्रेम-फ्रेम करून बघितलं. मी ट्रिगर बोटाच्या पेराने ओढत नाही, दुसऱ्या सांध्यापर्यंत बोट आत घालतो. बोटाचा शेंडा गार्डमध्ये पुढे राहतो. गोळी सुटली की रायफल मागे येते, बोट मात्र आहे तिथेच. दोन फ्रेम, तीन फ्रेम, आणि गार्डच्या पुढच्या कमानीत बसलेली पट्टीची कळ येऊन माझ्या नखावर आपटते. चौथ्या फ्रेमला पट्टी उघडायला लागलेली. शेडमध्ये कोणी काही बोललं नाही. नातू फोनकडे बघत होता, म्हातारा भिंतीकडे.

त्यात माझी उंची पाच फूट चार. मीच हट्टाने दस्ता सव्वातेरा इंचांचा करायला लावला होता. तो म्हणत होता साडेतेरा ठेव.

तर बोट लागत होतं. मान्य. वर मी त्याला जे बोललो ते शब्द मागे घेतो, आणि त्या दिवशी तोंडानेही घेतले. पण एक प्रश्न मी तिथेच विचारला. इतका धक्का मारणाऱ्या रायफलीत ही कळ बोटाच्या वाटेत, ट्रिगरच्या समोर बसवायचीच कशाला? १८९८ च्या लष्करी माउझरला तळपट्टी काढायची तर गोळीचं टोक भोकात घालून दाबावं लागायचं. बोटाने, थंडीने, धक्क्याने ती उघडत नसे. सव्वाशे वर्षांपूर्वी शिपायासाठी जो विचार झाला तो माझ्या आठ हजारांत का नाही? दुकानात पट्टी झटक्यात उघडून दाखवता येते म्हणून? म्हातारा बराच वेळ पाइप चावत राहिला. मग म्हणाला, "गिऱ्हाईकं हीच मागतात." मी मागितली नव्हती. मला विचारलंच नव्हतं.

मग दोघं मिळून कामाला लागलो, आणि खरं सांगायचं तर त्या तीन तासांची मजा मी विसरणार नाही. कळीचा शेंडा चार मिलिमीटर कापला, गार्डच्या कमानीत बुडवला, मागची स्प्रिंग बदलली, हूकची पकड दीड मिलिमीटरवर नेली. हूकला कानस मी चालवली. तो बाजूला उभा राहून बघत होता आणि एकदाच म्हणाला, "कोपरा मोडू नकोस." आता पट्टी उघडायची तर नखाने रेटून दाबावं लागतं, बायकोला जमत नाही. तेवीस गोळ्या झाल्या, एकदाही उघडली नाही. बोट आत घालायची सवयही पिस्त्याचं टरफल ट्रिगरवर ठेवून घरी सराव करत मोडतोय. पूर्ण गेलेली नाही.

कोणी असली बांधून घेणार असेल तर दस्त्याचं लाकूड, नळीचा मेक, स्कोपचे रिंग यांवर जेवढा खल करता तेवढा खालच्या लोखंडावर करा. ऑर्डर देण्याआधी विचारा, कळ कुठे आहे, हूक किती धरतो. आणि मुदत जी सांगतील तिच्या दुपटीत अजून तीन महिने मिळवा.

दुरुस्तीचे पैसे त्याने घेतले नाहीत. फक्त वसंतातल्या परतीच्या पाठवणावळीचे पासष्ट डॉलर. मी भरले. पण पावतीवर कामाच्या रकान्यात त्याने लिहिलंय, "मालकाच्या बोटासाठी फेरफार", ते खोडून "हूक आणि स्प्रिंग" असं लिहून द्या म्हणून मी दोनदा मेल केलाय. उत्तर नाही.