सायमॅगो : शिक्षणशास्त्राच्या संशोधकाने हे संकेतस्थळ कसे वाचावे

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५मध्ये ‘केअर’ ही मान्य जर्नलांची यादी बंद केली आणि कोणते जर्नल विश्वासार्ह मानायचे, हे ठरवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर व संशोधकांवर आली. अशा वेळी ‘सायमॅगो जर्नल अँड कंट्री रँक’ हे स्पेनमधील संशोधकगटाने उभारलेले, जर्नलांची क्रमवारी देणारे संकेतस्थळ फार उपयोगी पडते. माहिती ‘स्कोपस’ या सशुल्क संशोधनसूचीची असली तरी ती पाहायला ना शुल्क लागते ना नोंदणी, आणि संपूर्ण क्रमवारी उतरवूनही घेता येते. जर्नलमधील निबंधांचे इतरत्र सरासरी किती उल्लेख झाले हे सांगणाऱ्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या अधिकृत अहवालासाठी संस्थेला वर्गणी भरावी लागते. लहान अध्यापक महाविद्यालयांना ती परवडत नाही, म्हणून या मोफत सोयीचे मोल मला मोठे वाटते.

येथील ‘एसजेआर’ हा निर्देशांक नुसती सायटेशन (इतर निबंधांत झालेले उल्लेख) मोजत नाही, तर ती कोणत्या जर्नलमधून आली त्यानुसार त्यांना कमी-अधिक वजन देतो, आणि जर्नलने स्वतःलाच दिलेल्या सायटेशनवर मर्यादा घालतो. हिशेब मागील तीन वर्षांचा असतो. वर्गातील निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासाचे पडसाद उशिरा उमटतात, त्यामुळे इम्पॅक्ट फॅक्टरच्या दोन वर्षांपेक्षा हा कालावधी आपल्या विषयाला अधिक न्याय देतो, पुरेसा मात्र नाही.

खरी अडचण ‘एज्युकेशन’ या वर्गवारीत आहे. तीत वैद्यकीय शिक्षण, संगणकाधारित अध्यापन, उच्चशिक्षण आणि अभ्यासक्रमाचा इतिहास हे सारे एकाच रांगेत उभे केले आहे. तंत्रज्ञानाच्या बाजूला निबंध भराभर येतात आणि एकमेकांना तितक्याच वेगाने उद्धृत करतात. शिक्षणाच्या तत्त्वज्ञानात तसे घडत नाही. अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशनचे ‘रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च’ सतत अग्रभागी दिसते, कारण दर्जाबरोबरच ते केवळ आढावा-निबंध छापते आणि आढाव्यांना सायटेशन अधिक मिळतात. प्रत्यक्ष शाळेतील मूळ अभ्यास छापणाऱ्या जर्नलची त्याच्याशी तुलना करणे अन्यायाचे आहे.

जर्नलच्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर झळकणारा हिरवा ‘क्यू-१’ चौकोनही, म्हणजे जर्नल वर्गवारीतील सर्वांत वरच्या चतुर्थांशात असल्याची खूण, जपून वाचावा. त्यावर बारीक अक्षरांत ‘बेस्ट क्वार्टाइल’ असे लिहिलेले असते, म्हणजे जर्नल अनेक वर्गवाऱ्यांत असेल तर त्यांतील सर्वांत वरचे स्थान तेथे दाखवले जाते. भाषाशिक्षणाचे जर्नल भाषाविज्ञानात क्यू-१ आणि शिक्षणात क्यू-२ असू शकते. म्हणून चौकोनावर न थांबता सायमॅगोवरील जर्नलचे पूर्ण पान उघडावे, प्रत्येक वर्गवारीतील स्थान पाहावे आणि ‘कव्हरेज’ची, म्हणजे स्कोपसमधील नोंदीची, वर्षे तपासावीत. स्कोपसने ज्याची नोंद थांबवली आहे अशा जर्नलचा जुना चौकोन त्याच्या संकेतस्थळावर तसाच राहिलेला असू शकतो. सायमॅगोच्या पानावरील स्व-उद्धरणांचा आलेख मला क्रमांकापेक्षा अधिक बोलका वाटतो.

मराठीतील शिक्षणविषयक लेखन येथे जवळजवळ दिसतच नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतील वाचनावर मराठीत लिहिणाऱ्या शिक्षकाच्या कामाचे मूल्यमापन या क्रमवारीवरून करता येणार नाही, आणि निवड समित्यांनी ते करू नये. जर्नल निवडण्यासाठी हे साधन मी निःसंकोच सुचवेन. उमेदवाराचा निबंध मात्र समितीने वाचलाच पाहिजे.