एकटीने घोडी घेऊन फिरताय? परतीचा टेम्पो ठरवण्याआधी हे वाचा

नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण जे कोणी एकट्याने घोडा घेऊन फिरतात त्यांनी प्लीज पूर्ण वाचा, खासकरून ज्यांची स्वतःची गाडी नाही आणि दरवेळी भाड्याचा टेम्पो करावा लागतो त्यांनी.

मी पुण्याजवळ राहते, माझी काठेवाडी घोडी आहे, नऊ वर्षांची. तिला टेम्पोतून न्यायचं, रस्ता संपेल तिथे उतरवायचं, दोन-तीन दिवस खोगीर टाकून फिरायचं आणि रात्री तिच्या शेजारीच तंबू लावायचा, हे मी तीन वर्षं करतेय. गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेले, तापीकाठची एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिथला घोडेबाजार, मारवाडी, काठेवाडी, पंजाबचे पांढरेशुभ्र नुकरे, बघून डोळे निवतात. चार रात्री तिथेच मुक्काम केला, कुणाचा काडीचा त्रास नाही, उलट शेजारच्या तळावरच्या एका बाबांनी अगाडी-पिछाडी, म्हणजे घोड्याला पुढून-मागून बांधायचे दोर, बांधायची नीट पद्धत शिकवली, स्वतः खुंट्या ठोकून दाखवल्या. त्या माणसांबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

घोळ झाला परतीच्या टेम्पोचा. माझा नेहमीचा टेम्पोवाला मला सोडून परत गेलेला, त्याच्या घरी लग्न होतं. तर बाजारात एकजण स्वतःहून आला, ताई एकट्याच दिसता, आमची गाडी रिकामीच पुण्याला चाललीय, डिझेलपुरतं द्या. चारशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर आणि हा 15 हजार म्हणतोय, मी खूश. मोबाईलवर फोटो दाखवले, मोठी आयशर, खाली रबरी मॅट, बाजूंना गाद्या, आडवे बांबू. 8 हजार आगाऊ क्यूआरवर टाकले. संध्याकाळी आली ती वेगळीच लहान गाडी, खाली उघडा पत्रा, बांबू एकच. म्हणाला मोठी पंक्चर झाली. मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं, पण तंबू आवरलेला, अंधार पडत आलेला, चंदी म्हणजे घोडीचं दाणं संपलेलं, म्हणून चढवली घोडी.

वाटेत दोंडाईच्याला त्याने मला न विचारता एक घोडा चढवला. घोडी आणि अनोळखी घोडा शेजारी शेजारी, मध्ये तो एकच बांबू, धुळ्यापर्यंत ती लाथा मारत होती आणि पत्र्याचा प्रत्येक आवाज मला पुढे केबिनमध्ये ऐकू येत होता. धुळ्याच्या पुढे रात्री साडेअकराला एका बंद ढाब्यापाशी गाडी थांबवली आणि म्हणाला अजून 9 हजार द्या, चेकपोस्टला लागतात, नसेल जमत तर घोडी इथंच उतरवतो, मला पुढे जायचंय. मी नाही म्हटलं तर त्याने खरंच फाळका उघडला. खाली ना रॅम्प ना मातीचा बांध, मोहरकीला, म्हणजे तोंडाच्या दोरीला धरून ओढली तिला, घसरली, मागचा डावा पाय पत्र्याच्या कडेला कापला. टॉर्चमध्ये बघितलं तर नालेपर्यंत रक्त ओघळलेलं. गाडी गेली.

दहा मिनिटांत बाईकवर एक माणूस आला, अगदी सज्जन, पाण्याची बादली पण आणून दिली त्याने. म्हणाला, माझ्या भावाचा टेम्पो आहे, सकाळी सहाला येतो, 4 हजार आधी टाका. टाकले. त्या वेळी तो देवासारखा वाटला हो. घोडी कडुनिंबाला बांधली, जखम धुतली आणि रात्रभर खोगिरावर बसून राहिले. सहा वाजले, सात वाजले, फोन बंद. मग बँकेचा ॲप उघडला आणि बघते तर 8 हजार आणि 4 हजार, दोन्हींच्या खाली एकच नाव. म्हणजे बाईकवाला योगायोगाने आलेलाच नव्हता, त्यांना माहीत होतं मी कुठे उभी असणार.

हेच मला सांगायचंय. आपण नुसते असतो तर बॅग उचलून एसटी पकडली असती, पण घोडी सोबत असली की हलता येत नाही, मागतील ते द्यावं लागतं आणि ही माणसं नेमकं तेच हेरतात. एकटी आहे, परतीची गाडी नाही, हे मी बाजारात चार जणांना सहज बोलता बोलता सांगितलेलं. आता जाताना-येताना एकाच गाडीचं ठरवते, परतीचे पैसे घोडी घरी उतरल्यावर देते, गाडी समोर आली की नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकून मालकाच्या नावाची जी अक्षरं दिसतात ती बघते आणि ती क्यूआरवरच्या नावाशी जुळत नसतील तर चढवतच नाही. जनावरांच्या वाहतुकीचे 1978 चे नियम आहेत, डॉक्टरचा दाखला लागतो, प्रत्येक घोड्याच्या मध्ये बांबू लागतो, सोबत माणूस लागतो, हे बोलून दाखवलं की खरा टेम्पोवाला मान डोलावतो आणि दुसरा टाळाटाळ करतो. रस्त्यात अडवलं तर लगेच पोलिसांचा 112 लावा, मी घाबरून लावला नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार मी दुसऱ्या दिवशी केली, पैसे अजून आलेले नाहीत, ऑनलाइन पैसे गेले की जितक्या लवकर कळवाल तितकं बरं.

शेवटी नेहमीच्या टेम्पोवाल्याने मालेगावहून चुलतभावाला पाठवलं, दुपारी निघालो. पाय तीन आठवड्यांत भरला. पण घोडी आता टेम्पोजवळ गेली की थरथरते. रोज संध्याकाळी उभ्या टेम्पोत तोबरा, म्हणजे चंदीची पिशवी ठेवून मी फक्त शेजारी थांबते. काल तिने पुढचे दोन पाय फळीवर ठेवले, चंदी खाल्ली आणि मागे आली.